निघणाऱ्याला कुठे म्हणू नये

पहिल्याच आठवड्यात विद्याश्रीनं मला झापलं होतं, आणि कारण काय, तर एक साधा प्रश्न. दुपारी ती डबा उचलून उठली, मी सहज विचारलं, "कुठे निघालीस?" ती दारातच थबकली. परत येऊन खुर्चीवर बसली, घोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "निघणाऱ्याला कुठं म्हणून विचारतात काय, जयवंती? आता स्वल्प बसूनच जायला पाहिजे." ती निघाली होती गच्चीवर जेवायला. एक मजला वर.

मी सांगलीची. निघताना टोकू नये हे आमच्याकडेही म्हणतात, पण म्हणतात आणि विसरतात. विद्याश्रीच्या घरात ते विसरत नसत. तिचे मराठे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. हुकूम आला की माणूस पहाटे खोगीर चढवून निघायचा, आणि कुठल्या मोहिमेवर हे त्यालाच ठाऊक नसायचं, तर घरच्यांनी काय विचारायचं? घोडे गेले, राजे गेले, रीत तेवढी राहिली. निघणाऱ्यासमोर घरची बाई दिवा घेऊन उभी राहणार आणि म्हणणार, "होगी बा." म्हणजे जाऊन ये. त्यानं म्हणायचं, "येतो." त्यानंतर तो परत येऊन दारात पाय धुईपर्यंत त्याच्या ठिकाणाचं नाव घरात कुणी काढायचं नाही. त्यानंही बाहेरून सांगायचं नाही. तिचे वडील मानाजीराव नोकरीभर म्हैसूरच्या अग्रहारातल्या घरातून नंजनगूडच्या कारखान्यात गेले, रोज त्याच गाडीनं. तरी भवानीबाईंनी त्यांना एकदाही कुठे म्हणून विचारलं नाही. मी यावर फार हसले होते. आता हसू येत नाही.

आमचं ऑफिस म्हैसूरच्याच विजयनगर भागात, एका बेकरीच्या वर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि काम मात्र सगळं समुद्राचं. थायलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांमध्ये आमच्या कंपनीच्या यॉट फिरतात. पाहुणे बहुतेक आपल्याकडचे: हनिमूनवाले, लग्नाचा वाढदिवसवाले, ऑफिसच्या सहलीवाले. पाहुण्यांशी गोड बोलायचं काम माझ्याकडे. माझ्यासारख्या तिखट बाईला ते कुणी दिलं, देव जाणे. विद्याश्रीकडे होते मुक्काम. कुठल्या यॉटनं कुठल्या बेटाशी जेवायला थांबायचं, मासे बघायला पाण्यात कुठे उतरायचं, आणि मुख्य म्हणजे रात्रीचा नांगर कुठे टाकायचा, हे ती ठरवायची. तिकडचे कॅप्टन तिनं लिहिलेल्या मुक्कामाबरहुकूम चालायचे.

तिनं स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. एकदा ऑफिसची सहल मंगळूरला निघाली तेव्हा तिला नेमका ताप आला. पुढच्या वर्षीही आला. "मला भ्या वाटतं कणे," असं तिनं मला नंतर सांगितलं; आपलं 'गं' ते तिचं 'कणे'. "एवढं पाणी, आणि त्याला दार न्हाई." पडद्यावर मात्र तिला एकेक बेट ठाऊक होतं. बे म्हणजे किनारा जिथे आत वळतो आणि यॉटला थांबायला कुशी मिळते, ती जागा. अशी प्रत्येक बे निवडताना ती एकच गोष्ट बघायची. वारा ज्या बाजूनं येणार त्या बाजूला डोंगर आहे की नाही. तिच्या भाषेत, पाठ झाकली का. दिवसाचं काम संपताना ती एकेका यॉटवर जाऊन पुटपुटायची, "हिची पाठ झाकली. हिची झाकली." सगळ्यांच्या पाठी झाकल्याशिवाय ती पर्स उचलायची नाही.

गगन तिचा धाकटा भाऊ. तिशीला टेकलेला, अंगानं भरलेला, म्हैसूरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. आमच्या यॉटवर शाकाहारी, जैन, उपासाचं असं सगळं करू शकणारा भारतीय स्वयंपाकी हवा असतो. त्यानं तिकडच्या तळाला, यॉट जिथून सुटतात तिथल्या ऑफिसला, परस्पर अर्ज केला आणि त्याला बोलावणं आलं. विद्याश्रीनं शब्द टाकला नव्हता की अडवलंही नव्हतं. नोव्हेंबरात तो निघाला तेव्हा मी त्यांच्या घरी होते. भवानीबाई दिवा घेऊन उभ्या राहिल्या. मानाजीराव पाठीवर हात बांधून कोपऱ्यात. "होगी बा," भवानीबाई म्हणाल्या. "येतो अव्वा," गगन म्हणाला, आणि अक्काकडे बघून हसला. तळाला आमच्या सात-आठ यॉट होत्या. तो कुठल्या यॉटवर चढणार हे कुणी विचारलं नाही.

मला राहवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी म्हटलं, "अगं, तुझ्यासमोर सगळ्या यॉट आहेत. तळावर एक फोन कर, कळेल कुठल्या यॉटवर आहे ते. जिवाला बरं वाटेल."

"बेड," ती म्हणाली. नको. "न्हाई कळलं तेच बरं. आता प्रत्येक यॉटवर तोच हाय असं समजायचं."

आणि तिनं तसंच केलं. तो सीझनभर तिनं डोळ्यांत तेल घालून मुक्काम ठरवले. कुठल्याही यॉटवर गगन असू शकत होता, म्हणून कुठल्याही यॉटची पाठ उघडी राहिली नाही. पाहुणे कुरकुरायचे. त्यांना हवा असायचा पश्चिमेला तोंड असलेला किनारा, म्हणजे सूर्य बुडताना हातात ग्लास धरून फोटो काढता येतो. विद्याश्री त्यांना तो जानेवारी-फेब्रुवारीत द्यायची, कारण तेव्हा वारा पूर्वेचा असतो आणि बेटाची पश्चिम बाजू झाकलेली असते. जरा शंका आली की मात्र त्यांची रवानगी मँग्रोव्ह बेला. ती बे म्हणजे चिखल, डास आणि तिन्ही बाजूंना डोंगर. आमचा मॅनेजर निशांत, नागपूरचा, वैतागून म्हणायचा, "विद्याश्री मॅडम, लोक स्वप्न विकत घेतात आणि तुम्ही त्यांना डबकं देता." ती मान हलवायची आणि तेच करायची. त्या सीझनला एकाही यॉटला ओरखडा उठला नाही. त्याबद्दल तिला कुणी शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही.

एप्रिल लागला. गगनचा करार महिनाअखेरीस संपणार होता. घरी त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवलेली, नाव नव्या, नंजनगूडची. भवानीबाई रोज संध्याकाळी दारात पाय धुवायचा तांब्या घासून पालथा घालून ठेवायच्या. आणि नेमका त्याच महिन्यात तिकडचा वारा फिरला. दरवर्षी तो मे उजाडल्यावर फिरतो, पश्चिमेकडून यायला लागतो, आणि जी बाजू झाकलेली होती ती उघडी पडते. यंदा लवकर फिरला. एका यॉटचा नांगर भर दुपारी सुटला. दुसरीवरची खुर्ची उडून पाण्यात गेली. कॅप्टन हे सगळं हसत-हसत कळवायचे. विद्याश्री हसायची नाही. ती पडद्याजवळ वाकून बसायला लागली, डबा तसाच परत न्यायला लागली. तिचा जीव टांगणीला लागला होता आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटी तिनं विचारलं. गच्चीवर, माझ्यादेखत. गगन आठवड्यातून एकदा, किनाऱ्याला लागला की फोन करायचा. जेवलास काय, झोपलास काय एवढंच बोलणं. त्या दिवशी ती मध्येच म्हणाली, "गगन, कुठल्या यॉटवर हायस तू?"

फोन स्पीकरवर होता. गगन हळूच म्हणाला, "अक्का, असं का विचारतीस?"

"सुम्ने," ती म्हणाली. उगीच. "सांग एकदा."

"ऑर्किड," तो म्हणाला. आणि लगेच, "अप्पांना सांगू नको."

तिनं फोन ठेवला आणि गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली. चोरी करताना पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, बरं झालं विचारलंस. ती म्हणाली, "पुन्हा न्हाई विचारणार. एकदा झालं, आयतु." आयतु म्हणजे झालं, संपलं.

त्या दिवसापासून ती बदलली. डबा संपायला लागला. मला म्हणाली, रात्री झोप लागते. ऑर्किडचे महिनाअखेरपर्यंतचे मुक्काम तिनं मँग्रोव्ह बे आणि तशाच आणखी दोन बिळांमध्ये लावून टाकले. ऑर्किडवरच्या पाहुण्यांनी मला फोनवर शिव्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. ती तिकडे ढुंकूनही बघायची नाही. संध्याकाळी मात्र ती एकच वाक्य पुटपुटायची. ऑर्किडची पाठ झाकली. बस्स. आणि पर्स उचलायची.

हे मला खटकलं. खरंच खटकलं. पण खटकण्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

मग आले मनोहरराव. पुण्याचे, मोठे कारखानदार, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलं-सुना-नातवंडांसकट पर्ल नावाची यॉट घेतलेली. त्यांना शेल बे हवी होती. पांढरी वाळू, दोन काळे सुळके आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये बुडणारा सूर्य. आमच्या जाहिरातीतला मोठा फोटो तिथलाच. ही बे पश्चिमेला आ वासून बसली आहे. मनोहररावांनी मला फोन करकरून नाकी नऊ आणले, आणि शेवटी निशांतला गाठलं. निशांत विद्याश्रीच्या टेबलापाशी आला. हवामान बघितलंय, वारा नाही, समुद्र काचेसारखा आहे, असं म्हणाला. दूर कुठेतरी खाली दक्षिणेला एक वादळ होतं, पण ते फार लांब.

मला वाटलं, आता ही मान हलवेल आणि मँग्रोव्ह बे लिहील. ती क्षणभर पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आयतु. देऊन टाका."

निशांत खूश होऊन गेला. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकले. "अगं, पाठ?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा शांत होता, कंटाळलेला म्हणावा इतका. "पर्लवर आपलं कोण हाय?" ती म्हणाली.

वाईट बाई नव्हती ती. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या पिलालाही बेकरीतला बन घालणारी. पण महिनोन् महिने तिनं सगळ्यांची काळजी केली ती एका माणसासाठी, आणि तो माणूस कुठे आहे हे कळल्यावर बाकीचे तिच्या डोळ्यांआड गेले. मी तिला रागावले. कॅप्टनला डोळे आहेत, तो बघेल, असं ती म्हणाली. कॅप्टन नवा होता आणि मुक्काम ऑफिसनं लिहून दिलेला होता. तो कशाला बघतोय.

पर्ल निघाली. चौथ्या प्रहरी, आम्ही चहा घेत होतो तेव्हा, माझ्या फोनवर मनोहररावांच्या नातीचा, स्पृहाचा, फोटो आला. खाली लिहिलं होतं, "थँक यू, शेल बे, आणि चक्क पुरणपोळी." फोटोत यॉटच्या मागच्या बाजूचं टेबल, केळीच्या पानावर पुरणपोळी, मनोहररावांचा फुललेला चेहरा. मागे समुद्र इतका गुळगुळीत की तेल ओतल्यासारखा. आणि टेबलाच्या कडेला तुपाची वाटी धरून, जरा वाकून, गगन.

मी फोटो मोठा करून पाहिला. पुन्हा पाहिला. मग फोन तिच्यासमोर ठेवला.

विद्याश्रीनं कप खाली ठेवला, तो बशीत नीट बसला नाही आणि कलंडला. चहा टेबलावरून तिच्या मांडीवर ओघळत होता. तिला तो कळला नाही. "हा ऑर्किडवर हाय," ती म्हणाली. "मला सांगितला तो. ऑर्किड म्हणाला."

तळाला फोन लावला. तिथल्या माणसानं सहज सांगितलं, पर्लचा स्वयंपाकी आजारी पडला, म्हणून ऑर्किडचा तिकडे दिला, झाला आठवडा. आठवड्यात एकदा गगनचा फोन येऊनही गेला होता. जेवलास काय, झोपलास काय. तिनं एकदा विचारून रीत मोडली होती, पुन्हा मोडायची नाही म्हणून विचारलं नव्हतं. आणि तो, त्याच घरात वाढलेला, विचारल्याशिवाय कशाला सांगेल? अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात झाली असती असं मला वाटत नाही. आमच्याकडे पोरानं यॉट बदलली असती तर सांगलीभर झाली असती बातमी.

"पर्लला काढा तिथून," विद्याश्री तळाच्या माणसाला म्हणाली. मग निशांतला म्हणाली. मग कन्नडमध्ये, मराठीत, मोडक्या इंग्रजीत, जो फोन उचलेल त्याला म्हणत राहिली. तळानं पर्लच्या कॅप्टनला सॅटेलाईट फोनवर गाठलं. तो म्हणाला, नांगर पक्का बसलाय, वाऱ्याची झुळूक नाही, पाहुण्यांना छोट्या होडीनं किनाऱ्यावर उतरवतोय, वाळूवर मेजवानी आहे. मेजवानी झाली की हलतो. स्वयंपाकी यॉटवरच आहे, मागचं आवरतोय. निशांतनं तळाकडून आलेला तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला, आम्हाला धीर यावा म्हणून. मग म्हणाला, बघा, काही नाही.

तिकडे सूर्य बुडायची वेळ झाली. स्पृहाचा आणखी एक फोटो आला, वाळूवरून काढलेला. दोन सुळके, मध्ये लाल गोळा, आणि पर्ल चिमुकली, काळी, एकटी. सुंदर फोटो. पण वाळूजवळ पाणी मघापेक्षा बरंच वर आलं होतं, आणि सुळक्यांच्या पायाशी पांढरी रेघ होती. ती पहिल्या फोटोत नव्हती. विद्याश्रीनं त्या रेघेवर नख ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. त्यानंतर फोटो आला नाही.

सकाळी सगळं कळलं. लांबच्या वादळाच्या लाटा वाऱ्याशिवायच आल्या होत्या, आणि अंधार पडल्यावर त्यांच्या मागून पश्चिमेचा वारा एकदम सुटला. पाहुणे आणि कॅप्टन किनाऱ्यावर अडकले, रात्रभर झाडीत बसले, सगळे सुखरूप. होडी उलटली, त्यामुळे कॅप्टनला परत यॉटवर जाता आलं नाही. नांगर सुटला आणि पर्ल उजव्या सुळक्यावर गेली. यॉटवर दोघं होते. एक खलाशी पोहत वाळूला लागला. त्यानं सांगितलं, स्वयंपाकी आत होता, गॅसची टाकी बंद करायला गेला होता. मग त्याला पुन्हा पाहिलं नाही. शोध सुरू आहे, असं तळानं कळवलं, आणि पुढचा सगळा दिवस तेच कळवत राहिले.

विद्याश्री घरी गेली नाही. घरी काय तोंड दाखवू, असंही म्हणाली नाही. खुर्चीवर नुसती बसून होती, पडद्यासमोर. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं काढला नाही, आणि तिला तो कळला की नाही हेही मला माहीत नाही. मला तिचा राग येत होता आणि तिच्यासाठी रडूही येत होतं, दोन्ही एकाच वेळी. घरी निरोप निशांतनं दिला. ते काम माझ्यावर आलं असतं तर मला तो देताच आला नसता.

दुपारनंतर मानाजीराव आले. एकटेच, अग्रहारातून ऑटो करून, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बेकरीच्या बाजूचा जिना चढून धापा टाकत दारात उभे राहिले. या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. सरळ लेकीच्या टेबलापाशी गेले. विद्याश्री उठली आणि टेबलाची कड धरून राहिली.

जन्मभर जो शब्द तोंडातून काढला नाही, तो काढायला त्यांना फार जड जात होतं. ओठ दोनदा हलले आणि मिटले.

"कुठं हाय गं माझा पोरगा?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या म्हैसुरात एकाच माणसाला देता येत होतं. ऑफिसात बाकीच्यांना नुसतं बेचं नाव माहीत होतं. विद्याश्रीला कुठला सुळका, तिथे पाणी किती खोल, खाली खडक की वाळू, सगळं माहीत होतं. तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला. शेल बेचा आमच्या जाहिरातीतला फोटो होता तो, पांढरी वाळू आणि मधोमध बुडणारा सूर्य. उजव्या सुळक्याच्या पायाशी तिनं हात नेला.

"इथं, अप्पा," ती म्हणाली. "मीच ठेवलं त्याला इथं."

मानाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याच्या अगदी जवळ वाकले. घरी भवानीबाई दिव्यासमोर दोन शब्द म्हणायच्या. त्यांतला जाण्याचा शब्द, होगी, मानाजीरावांनी वगळला.

"बा, मगा," ते त्या फोटोतल्या पाण्याला म्हणाले. ये, पोरा. आणि पाय धुवायला पाणी काढून ठेवलेल्या माणसासारखे तिथेच वाट बघत उभे राहिले.